वरकसावर कोण चरणार?

(प्रस्तावना)

मुरबाड-शहापूरकडे जमिनीची चौकशी निघाली की पहिला प्रश्न भाताच्या खाचरांचा असतो. खाचरे किती, पाणी कधीपर्यंत टिकते, भात काढल्यावर वालाला ओल उरते का, रस्ता कुठवर आलाय. वरकसाचा विषय निघतो तो उठता उठता. उताराची, मुरमाड, मध्येच कातळ डोकावणारी ही जमीन. तिच्यावर पूर्वी नागली, वरी, खुरासणी व्हायची, राबासाठी फांद्या आणि पालापाचोळा मिळायचा, पावसाळा सरला की गवत मिळायचे. आता नागली-वरी करणारे थोडे राहिले. गवत उभ्या उभ्या वाळते आणि शिमग्याच्या आगेमागे एखाद्या दुपारी जळून जाते. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, पण मालकाचे पाय तिकडे वळत नाहीत.

हे पुस्तक त्या जमिनीविषयी आहे. धसईच्या परिसरातल्या खासगी वरकसावर, पडीक खाचरांत आणि बांधांवर हंगाम पाहून चारा राखला, जरूर तिथे थोडा लावला, तर भेकर, चौशिंगा, सांबर अशा रानातल्या चरणाऱ्या जिवांना आधार मिळेल का, हा पुस्तकाचा प्रश्न. आणि तसा आधार देताना शेजारच्याचा वाल शाबूत राहील का, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. पहिला अर्धा घेऊन दुसरा विसरणारी पुस्तके पुष्कळ आहेत. इथे दोन्हींना सारखे वजन दिले आहे, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

गावात हा विषय काढला तर आधी हसू होते. हरणाला कोण पेरून घालतो? माळ्यावर रात्र रात्र बसून आम्ही राखण करतो ती कोणापासून? हा सवाल टाळून पुढे जाता येत नाही. धसई हे काही जंगलातले आडगाव नाही. आसपासच्या वाड्या-पाड्यांची ही बाजारपेठ आहे. २०१६ च्या नोटाबंदीनंतर रोकडरहित गाव म्हणून तिचे नाव देशभर छापून आले होते. पूर्वेला सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगड अशी सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला मुरबाड-कल्याणचा रस्ता, आणि मधल्या पट्ट्यात भात, वरकस, वनखात्याचे रान आणि कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कुणबी यांच्या वस्त्या. इथे जमिनीचा कुठलाही तुकडा एकाच कामाचा नसतो, त्यामुळे बाहेरून आलेली कोणतीही युक्ती आधी या मिसळीत घालून पाहावी लागते.

वन्य प्राण्यांसाठी खासगी जमिनीत मुद्दाम चारा लावण्याची कल्पना आज ज्या रूपात ओळखली जाते, ते रूप अमेरिकेतले. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ लिहून रानातले प्राणी ही जमिनीच्या निगराणीतून वाढवता येणारी गोष्ट आहे, असा विचार शास्त्राच्या पातळीवर मांडला. कुऱ्हाड, नांगर, गुरे आणि आग यांनी जे रान मोडले, तीच साधने अकलेने वापरली तर रान पुन्हा उभे राहते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. पुढे १९७५ मध्ये टेक्सासच्या अल ब्रदर्स आणि मर्फी रे यांचे पांढऱ्या शेपटीच्या हरणांवरचे पुस्तक आले, आणि जमीनमालकानेच आपल्या रानातल्या हरणांची संख्या, वय आणि खुराक यांचा हिशेब ठेवावा, अशी चळवळ उभी राहिली. जंगलाच्या कडेला एक-दोन एकरांचा तुकडा नांगरायचा, उन्हाळ्यासाठी सोयाबीन किंवा चवळीच्या जातीची पिके आणि थंडीसाठी ओट, गहू, क्लोव्हर, सलगम पेरायचे, ही तिथली नेहमीची पद्धत. त्यावर बियाण्यांचा, खतांचा आणि अवजारांचा मोठा बाजार उभा आहे.

या साऱ्याच्या मुळाशी बंदूक आहे. पेरलेल्या तुकड्यावर शरद ऋतूत हरीण येते आणि मचाणावरचा शिकारी ते टिपतो. परवान्याचा पैसा, शिकारीचे भाडे, घरात येणारे मांस यांतून पेरणीचा खर्च निघतो आणि हरणांची संख्याही आटोक्यात राहते. तिथल्याच जाणकारांनी या पद्धतीवर टीकाही केली आहे. पेरलेला तुकडा ही ताटातली कोशिंबीर; पोट भरते ते भोवतालच्या देशी झाडोऱ्यावर, आणि मालक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, ही एक तक्रार. दुसरी रोगाची. हरणे एका जागी गोळा केली की आजार पसरतो. १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसलेल्या, हरणांना झिजवून मारणाऱ्या मेंदूच्या रोगानंतर तिथल्या अनेक राज्यांनी हरणांना आयता चारा घालण्यावर निर्बंध आणले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद केली. ते योग्यच झाले. पण मग चारा लावण्याचा खर्च कोणी आणि कशासाठी करायचा, याचे उत्तर अमेरिकेच्या पुस्तकात सापडणार नाही. ते आपल्या इतिहासात आणि आपल्या शिवारात शोधावे लागते.

इतिहासात पाहिले तर रानातला चारा राखणे आपल्याला नवे नाही. मराठी राज्यात घोडदळासाठी कुरणे राखली जात. संस्थानिकांनी शिकारीसाठी राने राखली. कोल्हापूरकरांकडे काळविटांच्या शिकारीसाठी शिकवलेले चित्ते होते, आणि छत्रपती शाहू महाराजांचे दाजीपूरचे राखीव शिकारी रान पुढे गव्यांचे अभयारण्य झाले. राजाचे राखणे हे असे होते: रान सुरक्षित, पण भोवतालच्या माणसाला तिथे पाऊल टाकायची बंदी.

ठाणे जिल्ह्याची कथा जरा वेगळी आहे. इथे गवत हा आधीपासून पैशाचा माल होता. मुंबईतले घोडे आणि तबेल्यातल्या म्हशी ठाण्याच्या गवतावर जगत. जमीनदार आणि गवताचे व्यापारी यांच्या हाती हजारो एकर माळ होते, कापणारे हात आदिवासींचे होते आणि मजुरी नाममात्र. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी जो लढा दिला, त्यातली एक ठळक मागणी गवताच्या कापणीच्या दराची होती: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. त्याच लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला. ज्याला आज आपण ‘अधिवास’ म्हणतो, त्या माळाच्या प्रत्येक भाऱ्यामागे मजुरीचा हिशेब आहे. म्हणून हरणासाठी गवत राखा असे सांगताना ते कापून पोट भरणाऱ्याचे काय, हे आधी सांगावे लागते.

राबाचाही इतिहास असाच. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर फांद्या, पाला, शेण हवे, आणि ते वरकसातून किंवा जंगलातून यायचे. इंग्रजांनी जंगले राखीव केली तेव्हा ठाणे-कुलाब्यात या हक्कावरून एवढा असंतोष झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने जिल्ह्यातल्या कितीतरी खासगी रानांवर सरकारी मालकीचा शिक्का बसला. काहींना आपल्या सातबाऱ्यावरची ती नोंद अनेक वर्षांनी, जमीन विकायला किंवा कर्ज काढायला गेल्यावर कळली. त्यातून एक भीती रुजली आणि ती अजून जिवंत आहे: जमिनीवर झाडे वाढू दिली, प्राणी येऊ दिले, तर उद्या जमीन हातची जाईल. खासगी जमिनीवर रान वाढवण्याच्या आड येणारी ही सर्वांत मोठी अडचण आहे. बियाणे, पाऊस, माती या तिच्यापुढे किरकोळ गोष्टी.

गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रात वन्य तृणभक्षकांच्या चाऱ्याचा विचार मुख्यतः चार वाटांनी झाला. या पुस्तकातले लेखक या वाटांवरूनच आले आहेत, म्हणून नवख्या वाचकाने त्या ओळखून घ्याव्यात.

पहिली वाट वनखात्याची. मध्य प्रदेशात कान्हाला १९७० मध्ये बारशिंगे अवघी ६६ उरली होती. गावे हलवून त्यांच्या शेतांची कुरणे केली, काही भाग कुंपणात राखला आणि ती जात वाचली. तेच तंत्र मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावे उठल्यावर त्यांच्या शेतजमिनींवर आणि पुढे ताडोबात वापरले गेले. गाव उठल्यावर तिथे आपोआप कुरण होत नाही. आधी तरोटा, रानतुळस, घाणेरी माजते, आणि ती उपटून देशी गवताचे बी टाकावे लागते. कोणते गवत कोणता प्राणी कोणत्या महिन्यात खातो, याचा बारकाईने अभ्यास करून गजानन मुरतकरांसारख्या गवताच्या अभ्यासकांनी वनखात्याला या कामात मोठी मदत केली. या वाटेचे बळ शास्त्रात आहे. तिची मर्यादा ही की आधी माणूस उठवावा लागतो. धसईत ते होणार नाही आणि होऊही नये.

दुसरी वाट कुंपणातल्या रानाची. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर हे तिचे सर्वांत बोलके उदाहरण. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडे लागली, चितळ-सांबरे आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. हरणे वाढली. इतकी, की कुंपणातला चारा अपुरा पडून ती भोवतालच्या उसात, शाळूत शिरू लागली आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. अलीकडे तिथले चितळ चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडण्याचा मार्ग काढला गेला. सागरेश्वरचा धडा साधा आहे. चारा वाढवला की तोंडे वाढतात, आणि वाढलेल्या तोंडांची सोय आधी ठरवावी लागते.

तिसरी वाट माळरानांची. सोलापूरचे नान्नज, कर्जतचे रेहेकुरी, बारामतीजवळचे मयूरेश्वर इथे काळवीट आणि चिंकारा माळावर आणि शेतांतही वावरतात. जुन्या समजुतीने माळ म्हणजे पडीक जमीन, म्हणून तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरीची रोपे लावली गेली आणि गवत मेले. आता ‘ग्रासलँड्स ट्रस्ट’सारख्या संस्था इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या आसपास माळ माळच राहू द्यावा यासाठी गावकऱ्यांबरोबर काम करतात, आणि पर्यटनातून गावाला चार पैसे मिळतात. झाड लावणे हे सदैव पुण्यच असते, या आपल्या समजाला या वाटेने पहिला धक्का दिला.

चौथी वाट लोकांच्या राखणीची. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम करून जंगल परत आणले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर सामूहिक वनहक्कांनी या वाटेला कायद्याचा आधार दिला. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटनेने वनहक्कांसाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. चराई कधी बंद, गवत कोणी आणि कधी कापायचे, वणवा लागला तर कोणी धावायचे, हे ग्रामसभेत ठरते. या वाटेत प्राण्यांचा विचार बहुधा मागून येतो, पण टिकतो तो इथेच.

या पुस्तकाची वाट चौथीला सर्वांत जवळची आहे, फरक एवढाच की इथे जमीन सामूहिक नसून एकेकाच्या नावावर आहे. तिचा मूळ विचार माझ्या शब्दांत सांगायचा तर असा: धसईच्या वरकसावर हरणासाठी पेरायचे थोडे आणि राखायचे फार. हे पटण्यासाठी आधी खाणाऱ्यांची ओळख हवी.

या पट्ट्यात सर्वांत नेटाने टिकून आहे ते भेकर. कुत्र्यासारखे भुंकते, एकटे राहते, वीसेक किलोंचे, आणि खाण्यात भारी चोखंदळ. त्याला कोवळी पालवी, कळ्या, गळून पडलेली फळे हवीत. राठ गवताकडे ते बघतही नाही. चौशिंगाही साधारण तेवढाच. तो शास्त्राने हरणांच्या कुळातला नाही, पण गावाच्या लेखी हरीणच. गवताची उंच झुडी आणि जवळ पाणी असले की तो राहतो. तानसा अभयारण्यात त्याची नोंद आहे. पिसोरी तर सशाहून थोडी मोठी, भीमाशंकरच्या दाट रानात राहणारी. सांबर मोठे, घाटाच्या कड्याकपारीत राहणारे आणि रात्री खाली उतरणारे. चितळांचे मोठे कळप बघायचे असतील तर बोरिवलीचे उद्यान बरे. म्हणजे गवताच्या विस्तीर्ण कुरणावर कळपाने चरणारा प्राणी आपल्या पट्ट्यात जवळजवळ नाही. आपले पाहुणे कडेकडेने, झुडपांच्या आडून, निवडून खाणारे आहेत. त्यांच्यासाठी एकरभर हिरवी पेरणी म्हणजे उघड्यावर मांडलेले ताट. भित्रा पाहुणा तिथे बसत नाही.

आता वर्षाचा हिशेब बघू. ज्येष्ठात पाऊस लागला की चाऱ्याला तोटा नाही. दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पिणारा हा मुलूख श्रावणात कमरेएवढ्या गवतात बुडालेला असतो. अडचण सुरू होते ती गवत फुलोऱ्यावर आल्यावर. कुसळी, डोंगरी, शेडा, पवन्या सगळी एकदम राठ होतात, त्यांतले प्रथिन झपाट्याने उतरते, आणि ते सुमारे सात टक्क्यांखाली गेले की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणूच उपाशी पडतात. पोट भरलेले दिसते, अंग भरत नाही. कार्तिकात भात निघते. मार्गशीर्ष-पौषात डोंगर पिवळा आणि खाचरात वाल, हरभरा हिरवा. पिकाची खरी नासधूस होते ती याच दोन महिन्यांत, कारण शिवारात तेवढेच हिरवे उरलेले असते.

या दिवसांत सकाळी वालाच्या शेताच्या कडेने फिरावे. कोवळे शेंडे खुडलेले दिसतात. देठाचा कट नीट पाहिला तर चोर ओळखता येतो. सशाने कुरतडला तर कट सुरीने तिरका कापावा तसा स्वच्छ असतो, कारण त्याला वर-खाली दोन्हीकडे धारदार दात आहेत. भेकराच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात वरच्या टणक हिरडीवर दाबून ते पाला ओढून तोडते, त्यामुळे देठ फाटलेला, धागे लोंबणारा राहतो. रानडुक्कर वरून खात नाही, मातीच उकरते. हे एवढे पाहिले तरी ज्याच्या नावाने ओरड होते, तोच नुकसान करतो का, याचा उलगडा अर्ध्या तासात होतो. पुष्कळदा दोष डुकराचा असतो आणि बोल हरणाला लागतो.

पुढे माघ-फाल्गुनात वणवे. मोहाची फुले वेचायला झाडाखालची जमीन मोकळी हवी म्हणून पालापाचोळा जाळला जातो, वाऱ्याने आग पसरते, आणि उरलासुरला चारा, सोबत जमिनीवर पडलेले बी आणि पिल्लांची लपायची जागाही जाते. चैत्र-वैशाखात निसर्ग स्वतःच ताट वाढतो: झाडांची नवी पालवी, मोहाची फुले, उंबर, करवंद, जांभूळ. तेव्हा तुटवडा पाण्याचा असतो. ज्या तालुक्यातल्या धरणांचे पाणी मुंबई पिते, त्याच शहापूरच्या पाड्यांवर त्या दिवसांत टँकर येतो. तिथे जनावरांच्या पाणवठ्याची काय कथा.

हा हिशेब मांडला की काय करायचे ते जवळजवळ आपोआप सुचते. वरकसाच्या गवताचे पट्टे पाडायचे. काही पट्टे अश्विनात, फुलोरा येता येताच कापायचे. गुरांना सकस गवत मिळते आणि उरल्या ओलीवर बुडखे फुटून काही आठवडे हिरवे कोंब येतात. काही पट्टे उभे ठेवायचे, आडोशासाठी आणि बियांसाठी. भोवती पौषाच्या आत जाळरेषा काढायची. रानमोडी आणि घाणेरी फुलण्यापूर्वी उपटायची, कारण ती एकदा पसरली की खाली गवताचे पातेही उगवत नाही. पेरायचेच तर जंगलाच्या अंगाला, ओघळीच्या किंवा झऱ्याच्या ओलीवर, चार-पाच गुंठ्यांत कुळीथ, चवळी, वाल. गावाच्या अंगाला काहीही नाही. आणि झाडे: उंबराची फांदी रोवली तरी जगते, आवळा, बेहडा, भोकर, बोर बांधावर उभी असतील तर तोडायची नाहीत. आवळ्याचे आणि हरणाचे जुने देणेघेणे आहे. भेकर, चितळ, पिसोरी आवळा गिळतात आणि नंतर कुठेतरी सावलीत बसून रवंथ करताना आठळी बाहेर टाकतात. लावण म्हणायची तर ती अशीही होते, आणि तिला मजुरी पडत नाही.

यातले धोके पुस्तक लपवत नाही. मोकाट कुत्री हा भेकराचा सर्वांत मोठा शत्रू. चारा लावून भेकरू वस्तीजवळ आणणे म्हणजे त्याला कुत्र्यांच्या तोंडी देणे. रानडुकरे कुळथावर हरणाच्या आधी पोहोचतात. फासे लावणाऱ्यालाही पेरलेला तुकडा नेमकी जागा दाखवतो. गुरांचा लाळ्या-खुरकूत रानात जाऊ शकतो, म्हणून म्हसाच्या यात्रेसारख्या मोठ्या गुरांच्या बाजारातून आणलेले जनावर लसीकरणाआधी वरकसावर सोडू नये, ही साधी काळजीही सांगावी लागते. पिकाच्या नुकसानीची सरकारी भरपाई आहे, पण पंचनाम्याची धावपळ पाहता ती पहिला उपाय धरता येत नाही. पहिला उपाय म्हणजे चारा पिकापासून लांब ठेवणे.

मग हे सारे आताच कशासाठी? एक कारण बिबट्या. माळशेजच्या पलीकडे जुन्नरमध्ये २००१ नंतरच्या काही वर्षांत बिबटे आणि माणसे यांच्यात मोठा संघर्ष झाला, आणि धरलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही, हे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवले. त्यांनीच २००९ मध्ये गळपट्टा बांधून माळशेजला सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या कसाऱ्यावरून, शहापूरचा मुलूख ओलांडत थेट बोरिवलीच्या उद्यानाच्या हद्दीत पोहोचला. त्या वाटेवर अभयारण्ये मोजकी आणि खासगी-सरकारी जमिनींची गोधडीच फार. अकोले तालुक्याच्या शिवारात बिबट्यांचे मुख्य भक्ष्य कुत्री होती, हेही त्यांच्याच अभ्यासातून पुढे आले. रानात भेकर असले की पाड्यावरची शेळी वाचेलच, अशी खात्री कोणी देऊ नये. पण रानात काहीच नसले तर ती वाचणार नाही, एवढे नक्की.

दुसरे कारण जमिनीचे बदलते मालक. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि शहापूर मुंबईच्या आणखी जवळ आले. वरकसाचे फार्महाऊसचे तुकडे पडत आहेत. तारेचे कुंपण, आयात गवताची हिरवळ, रात्रभर दिवे. याच मालकांपैकी पुष्कळांना रानाची खरी ओढ असते. हरीण दिसावे म्हणून ते बंगल्यापुढे मका टाकतात. त्यांना रागावून उपयोग नाही. कुंपणाची खालची तार वर घ्या, मका बंद करा, गवत पट्ट्याने कापा आणि कापायला शेजारच्या वाडीतली माणसे बोलवा, हे सांगणारे कोणीतरी हवे होते. तिसरे कारण मजुरीचे. तरुण माणसे भिवंडीच्या गोदामांत आणि कल्याणच्या कामांवर जातात, गवत कापायला कोणी नाही, आणि न कापलेले गवत हेच वणव्याचे सरपण. गवताला भाव आणि कापणाऱ्याला दाम मिळाले, तर त्यात हरणाचेही भागते. बंदुकीविना खर्च कोण करणार, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: गवत.

पुस्तकाची रचना या विचाराला धरून आहे. त्यात शास्त्रज्ञांची टिपणे आहेत, गवताच्या जातींची ओळख आहे, कायद्याची माहिती सरळ मराठीत आहे, आणि वरकस कसणाऱ्यांची बोलणी त्यांच्या बोलीत उतरवलेली आहेत. सगळ्यांचे एकमत नाही. कुणाला वाटते जाळणे पूर्ण बंद व्हावे. कुणाला वाटते लवकर, थोडे, पट्ट्यापट्ट्याने जाळलेले बरे, तेवढेच मोठे वणवे टळतात. कुणी पेरणीच्या बाजूचे, कुणी पेरणीचे नावही काढू देत नाहीत. संपादकांनी हे वाद मिटवले नाहीत, ते बरे केले. कातळाची जमीन आणि ओढ्याकाठची जमीन यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

शेतकऱ्याने हे पुस्तक मागून वाचायला घ्यावे: कायदा, भरपाई आणि सातबाऱ्याच्या नोंदींचा भाग आधी, कारण भीती गेल्याशिवाय बाकीचे डोक्यात शिरत नाही. बाहेरून आलेल्या मालकाने गवताचा भाग आधी वाचावा आणि एक पूर्ण वर्ष काहीही न लावता नुसती जमीन बघावी. अभ्यासकाने बोलीतल्या मुलाखती सोडू नयेत. कुठल्या ओघळीला वैशाखापर्यंत ओल राहते, हे नकाशात सापडत नाही. आणि शासनात बसलेल्या वाचकाने एकच गोष्ट मनावर घ्यावी. आपल्या जमिनीवर रान वाढू दिल्याबद्दल मालकाची जमीन जाणार नाही, हे त्याला लेखी कळवण्याची सोय करावी. तेवढे झाले तर या पुस्तकातले बरेचसे उपदेश अनावश्यक ठरतील, आणि तसे होण्याचा आनंद लेखकांनाच सर्वांत जास्त होईल.